एका दांड्यावरच्या दोघी

मित्रांनो, दोन बाळांना शेजारी शेजारी बसवून फिरवणारी मी एक जुनी बाबागाडी आहे. एका फिटरने मला बनवलं. चाकांना जोडणारा लोखंडी दांडा एकच, त्यावर दोन बैठका.

माझ्यात दोन जुळ्या बहिणी बसत, कुरळी आणि चिमी. रस्त्यात बायका वाकून वाकून बघत, माझंही कौतुक करत. मी फुलून जात असे.

मुलींचे वडील बुटांच्या कारखान्यात जोड तपासायचे. टाके जरा वेगळे दिसले की माल परत. मुली वर्षाच्या झाल्या, तशी कुरळी हुबेहूब त्यांच्यासारखी दिसू लागली. चिमी मात्र सरळ केसांची, बसक्या नाकाची. आत्याने घरात येऊन विचारलं, "हे नाक आपल्यात कुणाचं रे, दादा?"  त्या दिवसापासून वडील दोघींना माझ्यात बसवून निरखू लागले, जोड तपासावा तसे.

आई सगळ्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी नीट समजावलं. कधी एकच फळलेलं बीजांड दुभंगतं, तेव्हा एकसारखी जुळी होतात. इथे दोन बीजांडं होती, दोन वेगळ्या शुक्राणूंनी फळलेली. अशी जुळी वेगवेगळ्या वेळी जन्मलेल्या सख्ख्या भावंडांइतकीच सारखी किंवा वेगळी असतात.

"आमच्याकडे असा जोड पास होत नाही," वडील म्हणाले.

"हा जोड नाही. या बहिणी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वडिलांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी फक्त कुरळीला उचललं. चिमी माझ्यात रडत राहिली.

पुढे घर फुटलं. कुरळीला त्यांनी सोडलं नाही. आई चिमीला घेऊन माहेरी गेली. निदान गाडी तरी द्या, असा तिने निरोप पाठवला. वडिलांनी फिटरला बोलावलं.

"मधोमध काप. अर्धी तिकडे जाईल."

"साहेब, दांडा एकच आहे. दोन्ही अर्ध्या पडतील."

"काप म्हटलं ना."

मित्रांनो, कुरळीची बाजू अंगणात उरली, ती मी. कुरळी बसायला आली की मी कलंडते. तिचा गुडघा फुटतो आणि सगळे मलाच लाथ मारतात.

तुमच्या ओळखीत वेगळी दिसणारी जुळी असतील, तर त्यांना ताडून बघू नका. आणि घरात माझ्यासारखी गाडी असेल, तर तिला तेल द्या, चाकं पुसा, हवं तर मोडीत काढा, पण अर्धी करू नका. मी हे आडवी पडून सांगते आहे.