ओलं पोतं

"हे पोतं पुन्हा कोनं बांधलं?"

बॉनेट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. गाडी लटारूभाऊंची. वयानं माझ्या बापाएवढे, पण मी कुठला ऐकतो!

मागच्या सीटवर त्यांची बायको, शकुबाई, पदरानं वारा घेत बसलेली. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा गोंडपिपरीहून चंद्रपूरला डायलिसिसला जावं लागतं. दुपारचा नंबर चुकला की मशीन दुसऱ्याला जातं, मग बाईंच्या अंगात पाणी चढतं आणि श्वास कोंडतो. आणि आजच गाडी आचके देत, काळा धूर सोडत माझ्या गॅरेजसमोर येऊन बंद पडली.

आमच्याकडे हे एक खूळच आहे. उन्हाळा लागला की घरच्या कूलरला वाळा लावतात आणि गाडीतल्या एअर फिल्टरच्या डब्याला ओलं पोतं गुंडाळतात. का, तर इंजिनाला गार हवा! कोणत्या शहाण्यानं काढलं, अल्ला जाणे. ते पाणी ठिबकत ठिबकत सेन्सरच्या पिनांत शिरतं.

"मागच्या महिन्यात सांगतलं होतं ना, भाऊ?"

"सांगतलं होतं."

"मंग काऊन आयकत नाई? आत जानारी हवा किती गरम, हे इंजिनच्या कॉम्प्युटरले हा सेन्सर सांगते. पाहा काय सांगून राह्यला!"

मी स्कॅनर त्यांच्या नाकासमोर धरला. बाहेर पाना हातात धरवत नव्हता असं ऊन, आणि स्क्रीनवर हवा उणे चाळीस.

"मायनस चाळीस! गाडी समजून राह्यली का बरफ पडून राह्यला. थंडी समजून नुसतं पेट्रोल ओतून राह्यली. धूर नाई तं काय अत्तर निंघंल?"

सेन्सरचा प्लग काढला, त्यातली दोन्ही टोकं तारेच्या तुकड्यानं जोडली. आकडा लगेच शंभराच्या वर उडाला. म्हणजे वायर ठीक, कॉम्प्युटर ठीक, सेन्सरच मेला. पिना हिरव्या पडून सडलेल्या. एक तर माझ्या बोटातच तुटून आली.

"घ्या! ठेवा देव्हाऱ्यात!"

नवा सेन्सर चंद्रपूरशिवाय मिळणार नव्हता. मागे भंगारात याच मॉडेलची एक गाडी पडली होती, तिचा उपटून आणला. प्लग घासून साफ केला, सेन्सर बसवला. आता आकडा खऱ्या उन्हाचा आला. स्टार्टर मारला. दोनदा खोकली आणि सुरू झाली. धूर हळूहळू कमी झाला, पण माझं तोंड काही थांबेना.

"बाईचा जीव टांगनीले लागला अन् तुमी गाडीले गारवा देऊन राह्यले! घरच्या मानसाची काही फिकीर हाय का नाई तुमाले?"

लटारूभाऊ एकदा मागच्या सीटकडे बघून रुमालानं बॉनेट पुसू लागले. ते पाहून मी आणखीच भडकलो. तेवढ्यात मागचं दार उघडलं. शकुबाई दाराला धरून खाली उतरल्या.

"त्याईले नोका बोलू, अयूबभाऊ. पोतं मी बांधतो."

"तुमी?"

"मले पानी मोजून भेटते. जीभ लाकडावानी होते, तरी प्याचं नाई." त्या दम खात बोलत होत्या. "सकाळी बकेट भरतो, पोतं बुडवतो. हात पान्यात रायते तेवढा वेळ. गाडी तरी पेऊन राह्यली, असं वाटते. यायले ठाऊक हाय. म्हनून तं हे सोडत नाई पोतं."

माझा राग गेला नाही. पण आता काढायचा कुणावर? त्यांच्या किडन्यांवर? इतक्या लांबच्या त्या मशीनवर? माझ्या जिभेची मात्र मला लाज वाटली. पोतं सोडून मी कोपऱ्यात फेकलं. बाई पोत्याकडे बघत राहिल्या.

मग मी माठातून जग भरून आणला आणि बॉनेटखालच्या कोपऱ्यातल्या डबीचं झाकण उघडलं.

"बाई, काच धुवाचं पानी इथी रायते. पोतं नोका बांधू. रोज इथी टाका. लागंल तेवढं टाका."

त्यांनी जग दोन्ही हातांनी घेतला आणि बारीक धार धरली. लटारूभाऊ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. डबी भरली, पाणी वरून वाहून जमिनीवर पडू लागलं, तरी आम्हा दोघांपैकी कुणीही त्यांना थांबवलं नाही.