पीठ लावलेल्या माशा

मी भांडखोर हाय. आधीच सांगून टाकते, म्हंजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. तीन वर्षांमागं पुतणीच्या लग्नात मी जेवायच्या आधीच मांडवातून उठून आले. पिंकी माझ्या धाकट्या जावेची, चांगुणाची पोरगी. पण अंगाखांद्यावर खेळवली ती मी. वंदनेच्या वेळी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावायला मला बोलावतील म्हणून मी कोरी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. चांगुणानं बोलावलं आपल्या भावजयीला. झालं! माझं डोकंच फिरलं. "जिनं वाढवली ती कुणीच नाय का?" असं भर मांडवात ओरडून मी निघाले ती थेट घरच्या, चांदवडच्या रस्त्याला लागले. वाटलं, चांगुणा मागं येईल. नाय आली.

महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या. कांद्याचं बी धरायचं तर डोंगळ्यांच्या, म्हंजे कांद्याच्या दांड्यांच्या फुलांवर माशी बसावी लागते, म्हणून दोन मधपेट्या घेतलेल्या होत्या. एक तिच्याकडं गेली, एक माझ्याकडं राहिली. मधी एक बांध आन् एक लिंबाचं झाड, एवढंच अंतर. बावीस वर्षं आम्ही दोघींनी एका चुलीवर भाकरी केल्या. आता बांधापलीकडून तिचा भाकरी थापायचा आवाज यायचा आन् माझा हात परातीतच थांबायचा. लय आठवण यायची तिची. पण आधी बोलायचं कुणी?

यंदा वैशाखात डोंगळे काढून झाले आन् शिवारात फूल म्हणून उरलं नाय. माझी पेटी हलकी लागायला लागली. कीव आली म्हणून मी वाटीत साखरपाणी ठेवलं. तेही भर दुपारी, आन् ठेवताना निम्मं पेटीवरून ओघळलं. त्या वासानं घटकाभरात दारात ही मारामारी! परक्या माशा आत घुसत होत्या, माझ्या माशा त्यांना धरून खाली लोळत होत्या. माझा मध लुटला जात होता. मी दार चिखलानं बुजवून एका माशीपुरती फट ठेवली, पेटीवर ओलं गोणपाट टाकलं. पण ऐकतील तर ना! दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीखाली मेलेल्या माशा ओंजळभर निघाल्या. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर पेटी संपली असती.

पेटी देणाऱ्या माणसानं एक युक्ती सांगितली होती. लुटणारी माशी कुठली हे बघायचं असंल तर ती बाहेर निघताना तिच्यावर पीठ भुरभुरायचं. मी तांदळाचं पीठ चाळणीत घेतलं आन् दाराशी बसले. पोट भरून निघालेल्या माशा पांढऱ्याफटक होऊन उडाल्या, आन् मी मान वर करून त्यांच्या मागं. खरं सांगू? त्या बांधाकडंच वळाव्यात असं मला वाटत होतं. इथं पेटी मरायला टेकलेली, आन् मला हे सुचत होतं! लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं.

वळल्या. लिंबाखालून सरळ चांगुणाच्या पेटीत शिरल्या.

मी बांध ओलांडून गेले, तर चांगुणा ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तीन वर्षांत इतक्या जवळून बघितली नव्हती. केस किती पिकले होते तिचे! मी चाळणी घेऊन तशीच उभी.

"तुझ्या माशा माझी पेटी लुटत्यात," मी म्हणले.

तीन वर्षांनी तोंड उघडलं, आन् तेही भांडायला! स्वतःच्याच थोबाडीत मारावी वाटली.

 सूप खाली ठेवून चांगुणा पेटीपाशी गेली. पीठ लावलेल्या माशा आत जाताना बघितल्या.

"साखरपाणी कधी ठेवलं?"

"दुपारी."

"सांडलं का?"

"सांडलं."

"तुमचं सगळं भर मांडवातच असतं, बाई."

बाई म्हणली. पहिल्यासारखी. मला हसू आलं आन् डोळेबी भरून आले.

"पेट्यांची अदलाबदल करावी लागंल," ती म्हणली. "तुमची इथं, माझी तिथं. माशी सवयीनं जुन्याच जागी येती. लुटून आली तरी इथंच येईल, आन् इथं तुमची पेटी असंल. मध तुमच्याच घरात पडंल."

दिवस मावळला, माशा आत गेल्या, तशी आम्ही दोन्ही पेट्यांच्या दारांत गवत कोंबलं. आधी तिची पेटी उचलली, मग माझी. दोन बाजूंनी दोघींनी धरलेली. बांधावर आल्यावर ती खाली बघतच बोलली.

"मेणबत्ती झाल्यावर पिंकीच्या हातात हार द्यायला तुम्हालाच बोलावणार होते. बघते तर खुर्ची रिकामी."

 "मग मला सांगायचं ना आधी," मी म्हणले.

"तुम्ही थांबलात का सांगायला?" तिचा आवाज फाटला. "पोरगी जाताना तुम्हालाच शोधत होती."

 मी पेटी घट्ट धरली आन् चालत राहिले.

दोन दिवसांत मारामारी थांबली. तेव्हापासून सकाळी मी माझी पेटी बघायला तिकडं जाते, सांजेला ती तिची बघायला इकडं येती. फार बोलणं होत नाय. पिंकी बरी हाय, तिचा पोरगा चालायला लागला, एवढं कळलं.

काल ती आली आन् पेटीपुढं उकिडवी बसली. माशा निवांत ये-जा करत होत्या.

"मग, पेट्या ज्याच्या त्याच्या जागी न्यायच्या का आता?" तिनं विचारलं.

मी पेटीच्या दाराकडं बघितलं. खाली एक मेलेली माशी दिसंल तर शपथ.

"नाय गं," मी म्हणले, "आजून लय भांडत्यात."

चांगुणानं पेटीच्या दारात नीट वाकून बघितलं.

"हां ना, बाई," ती म्हणली. "मिटायला पावसाळा तरी जाईलच असं दिसतंय."