कारणाचा रकाना

धाकट्याचा पाय सकाळपासून हलत होता. बाकावर टेकला की गुडघा आईच्या शिवणयंत्रासारखा सुरू व्हायचा आणि शेजाऱ्याच्या मांडीवरचे कागद थरथरायचे. शेजाऱ्यानं आधी नुसतं पाहिलं, मग घसा खाकरला, शेवटी बिचारा उठून पलीकडच्या बाकावर गेला. धाकट्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याचे डोळे जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर खिळले होते, आणि खिडकीतल्या बाई कुणाच्या तरी आजोबांचं आडनाव दुरुस्त करण्यात गढल्या होत्या.

त्याचा जीव खालीवर होत होता त्याला कारणही तसंच होतं. परदेशातल्या एका गोदीला जहाजांच्या कामासाठी वेल्डर हवे होते. परीक्षा झाली होती, डोळे झाले होते, छाती झाली होती, सगळीकडे तो उत्तम पास. अडलं होतं एका जन्मदाखल्यावर. संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत दाखला आला तर जागा तुमची, नाहीतर यादीतल्या खालच्या माणसाला फोन करू, असं भरतीवाल्या साहेबांनी बजावलं होतं. पुढच्या वर्षी धाकटा वयाच्या अटीत बसणार नव्हता. आणि इथल्या कारखान्यात आताशा काम निघेल तेव्हाच बोलावणं यायचं, म्हणजे जवळजवळ यायचंच नाही.

मग हे शेवटच्या दिवसापर्यंत का ठेवलं? तर आईमुळे. "दाखले आहेत रे कचेरीत, कुठं पळून जातायत," असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती. गेले काही दिवस मात्र नेमकं निघायच्या वेळी तिचे गुडघे धरायचे, नाहीतर कुणीतरी ब्लाउज न्यायला येणार असायचं. आज धाकट्यानं तिला जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं होतं.

आल्यापासून आईच्या थापा मात्र जोरात चालू होत्या. दारावरच्या शिपायाला तिनं सांगितलं की आपण फार लांबून, दोन गाड्या बदलून आलो आहोत. रांगेतल्या बाईला सांगितलं की आपल्याला उभं राहिलं की चक्कर येते. आईला खोटं बोलायला कारण लागत नसे, समोर माणूस असला की पुरे. त्यामुळेच त्यांचा नंबर पुढे सरकला होता, हेही खरं.

"ए, बस की जरा," थोरला म्हणाला. "तू हललास म्हणून रांग हलत नाही."

थोरला म्हणजे धाकट्याचा जुळा भाऊ. थोरला तरी किती, तर पातेलंभर पाणी उकळायला लागतं तेवढ्यानं थोरला. पण तेवढ्या भांडवलावर त्यानं जन्मभर सगळं आधी मिळवलं, असं धाकट्याचं पक्कं मत होतं. सायकल आधी त्याला, पक्की नोकरी आधी त्याला. थोरला शहर बसचा ड्रायव्हर होता, अंगानं आडवा, स्वभावानं त्याहून ऐसपैस. आज रजा टाकून तो आला होता ते केवळ आईला सोबत म्हणून. येतोच आहे तर आपलाही दाखला काढून घ्यावा, एवढाच त्याचा हिशेब.

शेवटी बाईंनी हाक मारली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जुनी जाडजूड वही उघडली आणि बोट फिरवत खाली आल्या.

"ही बघा. आईचं नाव, वडलांचं नाव, बरोबर. मुलगा. नावाचा रकाना रिकामा आहे, तो भरून देते." त्यांनी पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. "पण काकू, इथं एकच मुलगा आहे."

"एकच कसा?" धाकटा खिडकीत घुसायचाच बाकी होता. "आम्ही दोघं आहोत. हे काय, समोर उभे आहोत!"

"तुम्ही दिसताय मला. वहीत एकच आहे."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं आईकडे पाहिलं. आई भिंतीवरचं घड्याळ बघत होती, जणू ही चौकशी दुसऱ्याच कुणाची तरी चालली आहे.

थोरल्यानं मात्र प्रश्न तिथल्या तिथं मिटवला. "रकाना रिकामाच आहे ना मॅडम? मग याचं नाव घाला. याला आजच्या आज लागतोय. माझं बघू सवडीनं."

धाकट्याला वाटलं, चला, सुटलो. पण खिडकीतल्या बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तसं नाही चालत. ही नोंद दोघांतल्या कुणाची, ते काकूंनी शपथेवर लिहून द्यायचं. आणि दुसरा आता माझ्यासमोर आलाच आहे, तर त्याचा उशिराच्या नोंदीचा अर्ज याच्याबरोबरच जोडायचा. नाहीतर उद्या माझी मान अडकेल. त्या अर्जात कारण लागतं. तेव्हा नोंद का केली नाही."

"वडील विसरले, असं लिहा," धाकटा म्हणाला.

"जुळ्यातल्या एकाला विसरले?" बाईंनी चष्मा खाली आणला. "मी लिहीन हो. पण आतले साहेब सही करणार नाहीत. काकू, काय झालं होतं?"

"पाणी पिऊन येते," आई म्हणाली आणि गेली.

ती गेली ती गेलीच. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि धाकटा चुळबुळत होता. एकदा पाण्याच्या नळापाशी जाऊन आला, एकदा दारापर्यंत. शेवटी ती सापडली जिन्याखाली, जिथं मोडक्या खुर्च्यांची चळत रचली होती. त्यातल्याच एका तीन पायांच्या खुर्चीला धरून उभी होती.

"आई, तू काय चालवलंयस? त्या बाई चार वाजता चहाला उठल्या तर? एक वाक्य सांगायचं आहे फक्त. एरवी तर दिवसभर थापा मारतेस!"

"एरवीच्या निराळ्या."

"म्हणजे?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. खुर्चीचा सुटलेला वेत बोटांनी आत खोचत राहिली.

"तू जन्मलास तेव्हा रडलाच नाहीस," ती म्हणाली. "काळानिळा पडला होतास. डॉक्टरीण म्हणाली, रात्र काढली तरी खूप. दुसऱ्या दिवशी हे नोंद करायला निघाले. मी विचारलं, दोघांची ना? तर म्हणाले, एकाची करून येतो. याची आज करायची आणि परवा पुन्हा तिथंच जाऊन याचीच दुसरी नोंद करायची, एवढं बळ नाही माझ्यात."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? मी भिंतीकडे तोंड केलं."

धाकट्याचा पाय थांबला होता. त्याचं त्यालाही कळलं नाही.

"पण मी जगलो ना!" तो ओरडला. जिन्यावरून उतरणारा एक माणूस दचकून थांबला आणि पुन्हा वर गेला. "मग का नाही गेलात? नंतर कधी का नाही गेलात?"

"आधी भीती वाटायची. वर्षभर मी झोपले नाही नीट, तुझ्या नाकाशी बोट धरून बसायची. मग तू धावायला लागलास, आणि तुझ्या बापाला लाज वाटायला लागली. उशीर का केला म्हणून विचारतील, तर सांगायचं काय? आज जाऊ, उद्या जाऊ. ते गेले, आणि राहिलंच."

जन्मभर त्याला वाटत आलं होतं की आईचा ओढा थोरल्याकडे. आणि ती म्हणे त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. त्याला आईचा राग आला, बापाचा त्याहून आला, आणि बाप तर भांडायलाही उरला नव्हता.

"म्हणजे वहीतला तो," धाकटा म्हणाला.

"कोण, मी?" थोरला कधी येऊन मागं उभा राहिला होता देव जाणे. त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "असेना. माझी नोंद आहे ना? मग मी ती कुणालाही देईन. चला वर, वेळ जातोय."

"आणि तुझ्या अर्जावर कारण काय सांगू?" आई म्हणाली.

"तेच. जगेल असं वाटलं नाही."

"तुझ्याबद्दल?" आईचा आवाज चिरकला. "अरे, तू तर जन्मल्या जन्मल्या अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होतास! तुला एक क्षण आम्ही सोडलं नव्हतं रे. हे कसं तोंडातून काढू मी?"

"तू नको काढूस. मी काढतो."

"नको," धाकटा म्हणाला. पण त्याच्या 'नको'त जोर नव्हता, आणि ते त्याचं त्याला ऐकू आलं. त्याची नजर जिन्यावरून वर, घड्याळाच्या दिशेनं गेलीच. थोरल्यानं ती पाहिली. आईचा दंड धरून तो चालू लागला.

खिडकीत बाई अर्ज पुढ्यात ठेवूनच बसल्या होत्या. "हं, काकू. नोंदीतला मुलगा कोणता?"

ज्या आईनं सकाळपासून शिपायाला, रांगेला आणि अर्ध्या कचेरीला गुंडाळलं होतं, तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिनं हात उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. धाकट्याच्या दंडाला हलकंच शिवून म्हणाली, "हा."

"आणि यांची का नाही केली?"

थोरला खिडकीवर वाकला. "मी अशक्त होतो, मॅडम. निळा पडलो होतो. माझी काही आशा नव्हती, म्हणून वडलांनी लिहिलं नाही."

बाईंनी त्याच्या दाराच्या खांबासारख्या मानेकडे एकवार पाहिलं, पण लिहून घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतही होत्या, कारण तशी पद्धत होती: बालक जगण्याची आशा नसल्याने वडिलांनी नोंद केली नाही. पुढे थोरल्याचं नाव. आईनं सही केली आणि कठड्याला कपाळ टेकून रडू लागली. बाई हळहळल्या. स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढं करून म्हणाल्या, "अहो, आता कशाला रडता? बरा झाला की. कसा धडधाकट उभा आहे बघा."

दाखला छापून आला तेव्हा शाई अजून ओली होती. धाकट्यानं तो वाऱ्यावर धरला. नाव त्याचं, आई त्याची, बाप त्याचा, तारीखही त्याचीच. एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी कुणाच्या खिशातून काढून घेतल्यासारखा तो हातात लागत होता. थोरल्याला मिळाली ती अर्जाची पोच. पुढं कोर्टाचा हुकूम, साक्षीदार, हेलपाटे. बाई म्हणाल्या, वर्षभर तरी धरून चाला.

"मला कुठं घाई आहे," थोरला म्हणाला आणि पोच चौघडी करून वरच्या खिशात घातली.

आईला रिक्षात बसवून दोघे थोरल्याच्या स्कूटरवरून निघाले. रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. थोरला चालवत होता, मागं धाकटा दाखला शर्टाच्या आत धरून बसला होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. प्रत्येक सिग्नलला तो तोंड उघडायचा आणि प्रत्येक वेळी फक्त "लवकर चल ना," एवढंच बाहेर पडायचं.

भरतीची कचेरी बंद व्हायला आली होती. शिपाई एकेक पंखा बंद करत होता. साहेबांनी पिशवी खांद्याला लावली होती, ती नाराजीनं खाली ठेवली आणि दाखला उजेडात धरला. नाव ताडून पाहिलं, शिक्का चाचपला. मग त्यांची मुद्रा एकदम सैल झाली.

"जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी नोंद!" ते म्हणाले. "आमच्याकडे येणाऱ्यांचे बाप पाच पाच वर्षं फिरकत नाहीत. तुमचे वडील भारी हौशी दिसतात."

धाकट्यानं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, नुसतं एक हो, आणि तेच येईना. साहेब त्याच्याकडे बघत होते. पंखा थांबत थांबत करकरत होता.

"होतेच तसे," मागून थोरला म्हणाला. "हा झाला तेव्हा घरात पाय ठरेना त्यांचा. उजाडलं तसे धावत गेले नोंद करायला."

साहेब हसले आणि शिक्का शोधायला त्यांनी खण उघडला. धाकट्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर त्या परक्या माणसासमोर तो ढसाढसा रडला असता.