घासायला सोपी लांबी

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं सुपरवायझर म्हणून काढून साहेब निवृत्त झाले आणि पुन्हा बसच दुरुस्त करायला बसले. फक्त ही बस वीतभर होती. ज्या गाड्यांवर त्यांची उमर गेली, त्याच गोल नाकाच्या गाडीचं प्लॅस्टिकचं मॉडेल. सगळं झकास बसलं, पण छताचे दोन भाग चिकटवले आणि मधे केसभर फट राहिली.

"फट दिसली की मला चैन पडत नाही," ते बायकोला म्हणाले.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

साहेबांनी ते ऐकलं नाही. त्यांनी वर्कशॉपची, पत्र्याला भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, काढली, फटीत दाबली. रात्रीत तिचा दगड झाला. पॉलिश पेपर मारला तर लांबी जागची हलेना, शेजारचं मऊ प्लॅस्टिक मात्र झिजलं आणि रिव्हेटचे चार ठिपके नाहीसे झाले. मग नळीतली, डोकं उठवणाऱ्या वासाची लांबी आणली. ती आज काठोकाठ भरली की उद्या पोट खपाटीला.

मॉडेलच्या दुकानातल्या बाई हसल्या. "साहेब, भरायला काय, सगळ्याच भरतात. खरा स्वभाव घासताना कळतो."

त्यांनी तीन नमुने दिले. साहेबांनी तीन प्लॅस्टिकच्या चमच्यांवर चरे पाडले, प्रत्येकात एकेक लांबी भरली, चिठ्ठ्या लावल्या, तारीख आणि वेळ घातली आणि सवयीने खाली सही ठोकली. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कोणाला ताट ठेवता आलं नाही. शेवटी पांढरी, पाण्याने पुसता येणारी लांबी जिंकली. पातळ थर द्यायचा, तासभर थांबायचं. मग वापरून गुळगुळीत झालेला कागद नुसता फिरवला तरी पावडरीसारखी उडायची. प्लॅस्टिकला ओरखडासुद्धा नाही.

छत काचेसारखं झालं. हे कौतुक जाणकारालाच दाखवायला हवं, म्हणून साहेबांनी डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरला बोलावलं. पाचवा गिअर कधी न टाकल्यामुळे सगळे त्याला 'चौथा' म्हणत.

चौथ्याने बस हातात घेतली, चाकं फिरवली, चष्मा वर करून छत न्याहाळलं.

"हात सोन्याचा आहे साहेब तुमचा. पण ही आपली गाडी नाही."

"म्हणजे?"

"वरची फट कुठाय? माझ्या सीटच्या बरोबर वर होती. सव्वीस पावसाळे डावा खांदा भिजला माझा."

"एखाद्या गाडीला असेल."

"सगळ्या गाड्यांना. दर वर्षी तक्रार लिहायचो. दर वर्षी उत्तर यायचं, 'तपासणी केली. फट आढळली नाही.' खाली तुमची सही."

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "तपासणी केली होती मी."

"खालून," साहेबांची बायको चहा ठेवत म्हणाली. "शिडीवर चढायला घाबरतात ते."

मग साहेब उठले, सुई घेऊन आले आणि छताला टेकवली. लांबी भुसभुशीत, पहिल्याच ओढीला निघाली.

"अजून पुढे," चौथा म्हणाला. "अजून. आता थोडी रुंद करा."

"एवढी होती?"

"तुम्ही खाली उभे होतात साहेब. मी आत बसलो होतो."

महिन्याने मॉडेलांचं प्रदर्शन भरलं. परीक्षकांनी शेरा मारला: काम उत्तम, मात्र छताचा सांधा भरलेला नाही. बक्षीस हुकलं. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन त्यांनी आयोजकांना दोन पानी पत्र लिहिलं: सदर फट मूळ गाडीतच होती, सर्व गाड्यांत होती, आणि हे मी वर्कशॉपचा तत्कालीन सुपरवायझर या नात्याने जबाबदारीने नमूद करतो.

पोस्टात टाकण्याआधी त्यांनी ते चौथ्याला फोनवर वाचून दाखवलं. चौथ्याने शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"साहेब," शेवटी चौथा म्हणाला, "ते पोस्टात टाकू नका. मलाच द्या."

दुसऱ्या दिवशी तो येऊन पत्र घेऊन गेला. साहेबांनी आयोजकांसाठी पुन्हा लिहायला घेतलं, पण या खेपेला 'सदर फट मूळ गाडीतच होती' या ओळीपुढे हात सरकेना.