झमकीची हाक
मानमोडीच्या साथीत बंजारा तांड्यावरची रामीबाई गेली. ती सरपण विकायला यायची, म्हणून रिसोडजवळच्या मळ्यातली आवडाबाई तिला ओळखत होती. रामीबाईचा नवरा लालसिंगही तापाने फणफणला होता. आवडाबाईने त्यांची दोन वर्षांची झमकी आपल्या घरी आणली.

पोर अंगणात लोळण घ्यायची, डोकं आपटायची आणि आवडाबाईकडे हात करून ओरडायची, "याडी! याडी!"

"मले येडी म्हणतं? पुन्हा म्हणून पाय!" आवडाबाई डोळे वटारायची.

हळूहळू लोळणं थांबलं. तो शब्दही थांबला. झमकी वांग्याच्या वाफ्यात मुकाट बसून राहू लागली.

लालसिंग बरा होऊन पोरीला न्यायला आला. आवडाबाई कौतुकाने म्हणाली, "गुणाची हाय तुही लेक. पहिले मले येडी म्हणे, आता नाही म्हणत."

लालसिंगचा चेहरा उतरला. "बाई, आमच्यात मायले याडी म्हणतात."

आवडाबाई झमकीपुढे खाली बसली. तिने हात पसरले. "म्हण ना माय, म्हण. मी नाही रागवत."

झमकीने ओठ घट्ट मिटले आणि ती बापाच्या मागे लपली. लालसिंग तिला खांद्यावर घेऊन निघाला. आवडाबाई बांधापर्यंत सोबत गेली आणि तिथेच बसून रडली.