शुभेच्छांनी बुजलेला रिंग बफर

मी एक जुना रिंग बफर आहे, मित्रांनो. नाव ऐकून नाक मुरडू नका. नाक मुरडायचा हक्क आधी माझा आहे, कारण माझ्या पोटात काय काय कोंबलं गेलं ते मलाच माहीत.

भोकरदन तालुक्यातल्या एका गावात, चौकातल्या पळत्या अक्षरांच्या बोर्डात मी राहतो. गावकरी मोबाइलवरून संदेश पाठवतात, ते बोर्डावर झळकेपर्यंत मी सांभाळतो. माझी रचना साधी आहे. ओळीने मांडलेली आठ घरं, आणि आठव्यानंतर पुन्हा पहिलं. त्यांवरून दोन बोटं फिरतात. एक लिहीत पुढे जातं, दुसरं वाचत मागून येतं. वाचून झालेलं घर पुन्हा वापरायचं. लिहिणाऱ्या बोटाने फेरा मारून वाचणाऱ्याला गाठलं की मी भरलो. मग थांबायचं आणि पाठवणाऱ्याला "जागा नाही" असं कळवायचं. मला बनवणाऱ्या सोमेश्वरने हे नीट लिहिलं होतं. पाणी कधी सुटणार, लस कधी मिळणार, सगळं मी इमानाने पोचवलं. लोक सोमेश्वरची पाठ थोपटायचे.

मग गावचे पुढारी अप्पाराव, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, यांचा वाढदिवस आला आणि माझा उकिरडा झाला. तेच हार्दिक, तेच लाख लाख! मी भरलो आणि अप्पारावांचा उजवा हात असलेल्या भागवतला "जागा नाही" असं कळवलं. तो तणतणत सोमेश्वरकडे गेला.

"भाऊंना जागा न्हाई म्हणून राह्यलं तुझं डबडं? काढ ते जल्दी!"

सोमेश्वर कसनुसा हसला. चौकातच लॅपटॉप उघडून त्याने मी भरलो का ते बघणारी तपासणीच काढून टाकली. आता न वाचलेल्या घरावरही खुशाल लिहायचं. शी! मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशीही शुभेच्छा थांबल्या नव्हत्या. पाण्याला वास येतो म्हणून, गावाला पाणी सोडणारी सत्यशीला टाकीवर चढली. आत कबुतरं मरून कुजली होती. तिने पाणी बंद केलं आणि मला कळवलं, "टाकीत कबुतरं मेलीत. भरलेलं पाणी पिऊ नका. सत्यशीला." सूचना बोर्डावरच द्यायची असा गावाचा नियम होता. म्हणून ती निर्धास्तपणे टाकी उपसायला लागली. इकडे वाचणारं बोट तिच्या संदेशाच्या घरापर्यंत पोचण्याआधीच लिहिणारं बोट फिरून आलं आणि त्यावर शुभेच्छा ओतून गेलं.

संध्याकाळी गल्लोगल्ली उलट्या सुरू झाल्या. माणसं दवाखान्यात सलाइनवर पडली. चौकात लोकांनी सत्यशीलेला घेरलं. हिला कामावरून काढा, असा भागवतने धोशाच लावला.

"म्या टाकलं व्हतं बोर्डावर, लेकराची शपथ!"

"बिलकुल खोटं. कोणी पाह्यलं?"

सोमेश्वरने लॅपटॉप जोडून माझी घरं उघडली. एका घरात भागवतचीच ओळ होती, "भाऊंना लाख लाख शुभेच्छा". तिच्यापुढे संपल्याची खूण असते, बोर्ड तिथेच थांबतो. पण नवा मजकूर आखूड असला की जुन्याचं शेपूट खुणेपलीकडे तसंच पडून राहतं. सोमेश्वरने ते मोठ्याने वाचलं, "लं पाणी पिऊ नका. सत्यशीला."

घेरून उभे असलेले लोक मागे सरले. सत्यशीला मटकन खाली बसून रडू लागली. भागवत मात्र म्हणाला, "मंग पुढच्या बारीला शुभेच्छा लांब टाकू. मागं काही राह्यचं न्हाई."

कुजलेल्या कबुतरांचा वास मी सहन केला असता, मित्रांनो, हे वाक्य नाही. सोमेश्वरने त्याच्याकडे न बघता, तिथेच बसून माझी तपासणी परत लिहिली. एवढंच मागतो, ती पुन्हा कुणाच्या मानापायी काढू नका. भरलेल्याला "नाही" म्हणू द्या.