आल्तारावरचा तोमास

चारशे वर्षांपूर्वी जपानात क्रुसावर मेलेल्या संताचा फोटो कसा असेल, एवढी साधी शंका लुसीच्या घरात चार पिढ्यांत कुणाला आली नव्हती. वसईच्या माणसाला जपान म्हटलं की आपल्या गावचा संत गोन्सालो गार्सियाच आठवतो. लाकडी डबीतल्या काचेवरच्या फोटोत जपानी झगा घातलेला, आपल्यातलाच वाटणारा माणूस. झालं, बसवला घरातल्या आल्तारावर, क्रुसाशेजारी. वसईहून कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोपर्यंत मेणबत्त्या घेत आला तो.

काच तडकली म्हणून लुसीने डबी म्युझियममध्ये नेली. आज तिथल्या बाईंनी झाकणाच्या आतली शाईची अक्षरं वाचून दाखवली: परदेशी बोटीवरचा खानसामा तोमास, वय अठ्ठावीस, योकोहामा, १८९१. झगा स्टुडिओतला, भाड्याचा.

तोमास म्हणजे लुसीच्या आईचा पणजोबा. बायकोपोरं टाकून बोटीवर गेला तो गेलाच. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

नर्सिंग होममधली शिफ्ट, मग म्युझियम, मग बस. लुसी घरी पोचली तेव्हा तिचे पाय भरून आले होते. आईचं डायलिसिस, आईचे गुडघे, आईची गाऱ्हाणी; त्या म्हातारीला डोळा लागायचा तो फक्त या काचेपुढे रोझरी म्हटल्यावर. तेवढाही आधार काढून घ्यायचा?

"जस्ट डोन्ट टेल हर, मॉम," लेक निकोल दारातच कुजबुजली. तिला लुसीने बसमधूनच फोनवर सांगितलं होतं.

पण आतून आईने विचारलंच, "काय बोलले गो?"

खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. लुसीने सगळं सांगून टाकलं.

आईने लुसीने परत आणलेली डबी मांडीवर घेऊन उघडली. "म्हणजे फोटो त्यानेच धाडला, आणि पणजीला ठाऊक होतं," ती म्हणाली. "नवऱ्याचं तोंड ओळखणार नाही का बाई? घरचे नाव घेऊ देईनात, म्हणून संत करून बसवला तिने."

"तुला राग नाही आला?"

"साठ वर्षं मागतेय मी याच्याकडे. तुझं लग्न, तुमचं कॅनडाचं पीआर, निकोलचं कॉलेज. आणि याच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये आजवर एक प्रार्थना, एक मिस्सा नाही!" आईचे डोळे भरले. "उद्या चर्चमध्ये जाऊन याच्या नावाची मिस्सा सांग."

"उद्या डबल शिफ्ट आहे, आई."

"मग परवा. इतकी वर्षं थांबलाय, अजून दोन दिवस थांबेल."

लुसीला एकदम रडू आलं. कोट न काढताच तिने पर्समधून फोन काढला आणि चर्चचा नंबर लावला.